कागद, दौत आणि दप्तर : लेखनसाहित्याचे जुने मराठी शब्द

सकाळी शाळेची वेळ झाली की आमच्या फुलंब्रीच्या रस्त्यावरून मुलांची रांग निघते आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक दप्तर असते. दप्तर म्हणजे काय, असे त्या मुलांस विचारले तर ती पाठीवरच्या पिशवीकडे बोट दाखवितील. तीसपस्तीस वर्षे शाळेत शिकवून निवृत्त होईपर्यंत मलाही त्याहून अधिक काही ठाऊक नव्हते. पुढे रिकामपणी कोश चाळू लागलो, तेव्हा समजले की प्राचीन ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्यास 'डिफ्थेरा' असे म्हणत, आणि त्या कातड्यावर लिहीत. तो शब्द इराणात जाऊन 'दफ्तर' झाला, तेव्हा त्याचा अर्थ लिहिण्याची वही असा झाला. फारसीबरोबर तो दक्षिणेत आला, मराठी कारकुनाच्या हाती पडला आणि 'दप्तर' होऊन सरकारी कागदपत्रांचा संग्रह असा अर्थ देऊ लागला. अखेरीस कचेरीतून तो शाळेत उतरला व मुलांच्या पाठीवर जाऊन बसला. म्हणजे फुलंब्रीचे पोर रोज सकाळी ग्रीकांचे कातडे पाठीवर घेऊन शाळेस जाते, असे म्हटले तरी चालेल.

आजच्या भाषणात अशाच काही शब्दांची हकीकत सांगावयाची आहे. कागद करणारे, त्यावर लिहिणारे, पोथ्यांच्या नकला करणारे, बांधणारे आणि छापणारे, अशा पाच प्रकारच्या माणसांच्या हातांतून हे शब्द आपल्यापर्यंत आले आहेत. त्यांतील काही शब्द आपण रोज उच्चारतो, पण त्यांचे मूळ विसरलो आहोत. काही मात्र त्या त्या धंद्याबरोबर विझत चालले आहेत.

कागद आपल्याकडे येण्यापूर्वीही लेखन होतेच. ताडाची पाने, भूर्जवृक्षाची साल, तांब्याचे पत्रे आणि शिळा ह्यांवर लिहीत. त्या काळाने आपल्याला दिलेले शब्द झाडाझुडपांचे आहेत. पत्र म्हणजे झाडाचे पान. आज आपण टपालाने पत्र पाठवितो, पुस्तकाचे पान उलटतो, तेव्हा त्या दोन्ही शब्दांत झाड बोलत असते. ताडपत्रांना भोक पाडून, त्यांतून दोरी ओवून, वर खाली लाकडी फळ्या ठेवून गाठ मारीत असत. 'ग्रंथ' ह्या शब्दाच्या मुळाशी हेच गुंफणे आणि गाठ घालणे आहे. पोथी हा शब्द पुस्तक ह्या शब्दाच्याच घराण्यातला. आणि पुस्तक हा शब्द संस्कृतात असला तरी तो मूळ इराणी भाषांतील 'पोस्त', म्हणजे कातडे, ह्यावरून आला असावा, असे काही विद्वानांचे मत आहे. ते खरे असेल तर दप्तराप्रमाणेच पुस्तकही कातड्याचेच ठरते. पुस्तकाच्या बांधणीस आपण 'जिल्द' म्हणतो, तो तर उघडच अरबी शब्द आहे आणि त्याचा अर्थही कातडे असाच आहे. गोमातेची पूजा करणाऱ्या समाजाच्या देव्हाऱ्यातील पोथीभोवती कातड्याच्या अर्थाचे एवढे शब्द गोळा व्हावेत, आणि कोणास त्याचा विटाळ वाटू नये, ह्यावरून शब्द एकदा घरात रुळला म्हणजे त्याचे कुळ कोणी विचारीत नाही हे दिसते.

आता मुख्य शब्द कागद. कागदाची कला चीन देशात निघाली. इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या अधिकाऱ्याने ती राजदरबारी मांडली, असे तेथील इतिहास सांगतो. ७५१ मध्ये तलास नदीकाठी झालेल्या लढाईत अरबांच्या हाती जे चिनी कैदी लागले, त्यांच्याकडून समरकंदच्या लोकांनी ही विद्या घेतली, अशी कथा अरबी ग्रंथांत आहे. कथेचा तपशील कसाही असो, मध्य आशियातून ती कला इराणात, तेथून एकीकडे बगदादवरून बाराव्या शतकापर्यंत स्पेनमध्ये आणि दुसरीकडे हिंदुस्थानात पसरली, हे निश्चित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी कागदाच्या ह्या प्रवासावर मोठ्या कष्टाने प्रमाणे गोळा केली आहेत.

ह्या शब्दाचीही एक गंमत आहे. उत्तरेकडे हिंदी-उर्दूत 'कागज' म्हणतात; मराठीत मात्र आपण 'कागद' म्हणतो. गुजरातीत 'कागळ', कन्नडात 'कागद', तेलुगूत 'कागितम्'. फारसीत ह्या शब्दाची 'द' असलेली व 'ज' असलेली अशी दोन्ही रूपे होती. त्यांतील 'द'चे रूप पश्चिमेकडे व दक्षिणेकडे रुजले आणि 'ज'चे उत्तरेत. शाळेत असताना 'कागज' म्हणणाऱ्या मुलास मी चुकीचा उच्चार म्हणून दटावीत असे. आज वाटते, दोघेही एकाच बापाचे पुत्र, कोण कोणास दटावणार?

श्रोत्यांपैकी पुष्कळांनी दौलताबादचा किल्ला पाहिला असेल. किल्ल्यावरून खुलताबादेस जाणाऱ्या रस्त्यावर कागजीपुरा नावाचे गाव लागते. वेरूळची लेणी पाहावयास निघालेली मंडळी ह्या गावावरून जातात, पण गाडी थांबविणारे थोडे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीस हलविली व तिचे नाव दौलताबाद ठेविले. त्या लवाजम्याबरोबर जे कारागीर आले त्यांत कागद करणारे होते, व ते येथे वसले, अशी ह्या गावची परंपरा आहे. सुलतानाची राजधानी काही वर्षांतच परत गेली. त्याची ती योजना शाळेच्या पुस्तकांत वेडेपणाचे उदाहरण म्हणून उरली. परंतु कागदी लोक परत गेले नाहीत. येथे चिंध्या होत्या, पाणी होते आणि लिहिणाऱ्यांची मागणी होती. पुढे कित्येक शतके 'दौलताबादी कागद' हे नाव दक्षिणेत मालाच्या चांगुलपणाची खूण म्हणून चालले. गावाचे नावही उत्तरेच्या उच्चारातले, 'कागजी', असेच राहिले. ते बोलणाऱ्यांच्या मूळ देशाची आठवण देते. पुण्यातील कसबा पेठेत हाच धंदा करणाऱ्यांची वस्ती होती, तिला मात्र 'कागदीपुरा' म्हणतात. एका अक्षरात दोन प्रांतांचा फरक असा कायम राहिला आहे. जुन्नर आणि खानदेशातील एरंडोल ही गावेही कागदाकरिता प्रसिद्ध होती. जुन्नरी कागदावर लिहिलेल्या चोपड्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर असत.

हा कागद कसा होत असे हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचे शब्द त्यातूनच निघतात. जुन्या चिंध्या, तागाचे दोर, फाटकी गोणपाटे, रद्दी हे त्याचे द्रव्य. ते चुन्याच्या पाण्यात भिजत घालीत, कुटीत, धुवीत, पुन्हा चुना देऊन पुन्हा कुटीत. असे अनेकदा झाल्यावर त्याचा मऊ लगदा होई. तो लगदा हौदात पाण्यात ढवळीत. लाकडी चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची चटई ठेवून कारागीर ती पाण्यात बुडवी व अलगद वर उचली. पाणी गळून जाई आणि चटईवर लगद्याचा पातळ थर राही. तो थर म्हणजे एक ताव. ताव एकावर एक रचून दाबून पाणी काढीत व गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवीत. परंतु एवढ्याने तो लिहिण्याजोगा होत नाही. त्यावर शाई फुटते. म्हणून त्यास धान्याच्या पिठाची खळ देत, आणि खळ वाळली की गुळगुळीत दगडाने तासन् तास घासून तुळतुळीत करीत. ह्या घासण्यास घोटणे म्हणतात, व असा कागद तो घोटीव कागद. युरोपात कागदास जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस देत. आपल्याकडे पिठाची खळ देत.

श्रोतेहो, शिक्षकास 'घोटणे' हा शब्द किती जवळचा आहे हे सांगावयास नको. पाढे घोटून घ्या, अक्षर घोटा, असे आम्ही जन्मभर म्हणत आलो. हा शब्द औषधाच्या खलातही आहे आणि कागद्याच्या दगडाखालीही आहे. एकदा हात फिरवून भागत नाही, चकाकी येईपर्यंत तोच हात पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो, हा त्याचा अर्थ कागद्याच्या अंगणात डोळ्यांना दिसत असे. वर्गात तो केवळ ऐकू येतो.

कागद मोजण्याचे शब्दही असेच हातातून आलेले आहेत. चोवीस तावांचा एक दस्ता. दस्ता म्हणजे हाताच्या मुठीत मावेल एवढा जुडगा. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. वीस दस्त्यांचे एक रीम. रीम हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला खरा, पण इंग्रजीत तो फ्रेंचातून, फ्रेंचात स्पेनमधून आणि स्पेनमध्ये अरबी 'रिझ्मा', म्हणजे गठ्ठा, ह्यावरून गेला होता. ज्या अरबांनी पश्चिमेस कागद नेला त्यांचाच शब्द साहेबाच्या जहाजातून फिरून आपल्या दाराशी आला. फुलस्केप ताव म्हणतो त्याची गोष्ट निराळी आहे. युरोपातील काही गिरण्यांच्या कागदात उजेडाकडे धरल्यास विदूषकाच्या टोपीचे चित्र दिसे. त्या टोपीचे इंग्रजी नाव त्या आकाराच्या कागदास पडले. ज्या तावावर आम्ही गंभीर चेहऱ्याने अर्ज लिहितो तो ताव विदूषकाच्या टोपीचा आहे!

घडीवरून पुस्तकाचे नाव पडावे हा प्रकारही जगात इतरत्र झालेला आहे. स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत 'क्वेअर' असा शब्द होता. मुळात त्याचा अर्थ चार तावांची घडी. पण लिहिणारे त्या घडीसच ग्रंथ म्हणू लागले, आणि पंधराव्या शतकातील पहिला जेम्स ह्या राजाच्या नावावर असलेल्या काव्यास 'राजाचे क्वेअर' अशा अर्थाचे नाव मिळाले. तोच शब्द इंग्रजीत 'क्वायर' होऊन चोवीस तावांकरिता राहिला. म्हणजे आपला दस्ता तो हाच. आपल्याकडे 'बाड' ह्या शब्दाचे असेच झाले. शिवलेल्या लांबट वहीस बाड म्हणत. मठांतून व घरांतून संतांची कवने अशा बाडांत उतरून ठेवीत, आणि धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी बाडे जतन केलेली आहेत. पुढे 'बाडात आहे' म्हणजे परंपरेने आलेले आहे, असे जुने लोक म्हणू लागले. वहीचे नाव तिच्यातील मजकुराचे नाव झाले.

आता लिहिणाऱ्याकडे येऊ. त्याच्यासमोर दौत, बोरू आणि कागद. दौत हा अरबी 'दवात'. शाई हा फारसी 'सियाही', म्हणजे काळेपणा; काजळी आणि डिंक घोटून ती करीत. शाळेत तांबड्या शाईने चुका काढताना आपण तांबड्या काळेपणाने लिहीत आहोत हे माझ्या कधी ध्यानी आले नाही. बोरू म्हणजे एक जातीचा वेत. त्याचे टोक तिरपे छेदून लेखणी करीत. केवळ लिहिण्यातच पराक्रम गाजविणाऱ्यास आपण बोरूबहाद्दर म्हणतो. कलम हा अरबी शब्द, आणि तोही ग्रीक भाषेतील वेताच्या नावाशी जुळणारा. मराठीने त्यास तीन कामे दिली : लिहावयाची लेखणी, कायद्याचे कलम आणि आंब्याचे कलम. आंब्याच्या फांदीस जो तिरपा छेद देतात तो बोरूच्या छेदासारखाच असतो, हे ज्याने दोन्ही कामे पाहिली त्यास लगेच पटेल. कित्ता म्हणजे अरबीत तुकडा. सुंदर अक्षराचा नमुना म्हणून लिहून दिलेला तुकडा तो कित्ता, आणि तो गिरविणे म्हणजे थोरांच्या पावलांवर पाऊल ठेवणे.

लिहिणाऱ्यांची आडनावेही ह्याच दौतीतून निघाली. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. फर्द, म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, लिहिणारा तो फडणीस. घडलेल्या वाक्यांची, म्हणजे बातम्यांची, नोंद ठेवणारा वाकनीस. फारसी लिहिणारा पारसनीस. पत्र पुरे झाले की आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब उमटे. मोर्तब झाले म्हणजे त्यापुढे कोणास एक अक्षरही वाढविता येत नसे. आज ग्रामपंचायतीच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा ती दोन निरनिराळी ठिकाणची दोन चिन्हे होती ह्याची आठवण कोणास नसते. लिहिलेले कागद चौकोनी कापडात बांधून ठेवीत, त्या गाठोड्यास रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. रुमालाचा एवढा मोठा अर्थ आज खिशात मावतो आहे.

येथे एका शंकेचा विचार केला पाहिजे. हे सर्व शब्द परके आहेत, तेव्हा ते टाकून आपले का घेऊ नयेत, असे कोणी विचारील. हा प्रश्न नवा नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनी राज्यकारभारातील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय करविले. रघुनाथपंत हणमंते ह्यांच्या नावाशी जोडलेला तो 'राज्यव्यवहारकोश' होय. त्यात सुमारे १४०० शब्द असून दहा वर्ग आहेत, आणि त्यांपैकी एक खास लेखनवर्ग आहे. म्हणजे दौत-कागदाचा विचारही राजाने सोडला नव्हता. ह्या उद्योगाने मराठी राज्यकारभारास स्वत्व दिले, ह्यात संशय नाही. अमात्य, सचिव, सेनापती ही नावे त्यातूनच रूढ झाली. परंतु कागद कागदच राहिला, शाई शाईच राहिली, आणि पुढे पेशव्यांच्या वाड्यात जे उभे राहिले ते दप्तरच होते. ह्याचे कारण मला असे वाटते की, पदाचे नाव आज्ञेने बदलते, कारण पद आज्ञेने मिळते; पण हत्याराचे नाव हत्यार वापरणाऱ्याच्या तोंडी असते, व त्याने मनावर घेतल्यावाचून ते बदलत नाही. उलट, लोकांनी मनावर घेतले की नवा शब्दही रुजतो. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीतून पुढे आलेला 'दिनांक' आज 'तारीख' ह्या शब्दाशेजारी सुखाने नांदत आहे. माधवराव पटवर्धन ह्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. तो चाळला म्हणजे परके म्हणून किती शब्द बाहेर काढावे लागतील हे पाहून माणूस थांबतो.

पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांनी तर आपल्याला म्हणीच दिल्या. नक्कल करताना अक्षर चुकले तर ते खोडीत नसत. हरताळ नावाचे पिवळे खनिज वाटून, त्याचा लेप त्या अक्षरावर देत, आणि वाळल्यावर त्यावर शुद्ध अक्षर लिहीत. म्हणून केलेल्या कामावर हरताळ फासला, असे आपण म्हणतो. मूळ क्रिया दुरुस्तीची; म्हणीत मात्र ती नाशाची झाली, हे त्या बिचाऱ्या लेखकावर अन्यायाचेच आहे. पोथी लिहून झाली की ती फळ्यांमध्ये घालून कापडाच्या बासनात बांधीत, तिला कसर लागू नये म्हणून. आता एखादा अहवाल बासनात गुंडाळला म्हणजे तो कायमचा बाजूस पडला असे समजतात. परंतु पूर्वी बासनात गुंडाळणे म्हणजे जपणे होते. पानाच्या दोन्ही बाजूंस लिहिणे ते पाठपोट, कडेस सोडलेली जागा तो समास, आणि वरचा पुठ्ठा हा बहुधा पृष्ठ ह्या शब्दाचाच भाऊ, म्हणजे पाठ. पोथीस जणू आपण माणसाचे शरीरच दिले.

त्यानंतर छापणारे आले. गोव्यात १५५६ मध्ये जेझुइटांनी मुद्रणयंत्र आणले, आणि फादर स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. देवनागरीकरिता आपल्या लोकांनी केलेला प्रयत्न नाना फडणिसांच्या आश्रयाने सुरू झाला व १८०५ मध्ये मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापण्यात आली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे ह्यांचे मराठी व्याकरण निघाले. मुंबईत गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले, आणि १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले. छापील पोथी सोवळ्यात चालेल की नाही, शाईत चरबी तर नसेल ना, असा वाद त्या काळी होता. त्याकरिता तुपाची शाई केली, असे सांगतात.

ह्या नव्या धंद्याने शब्द कोठून घेतले पाहा. छाप आपला, खाना फारसी, मिळून छापखाना. दगडावरून छापतात ते शिळाछाप. शिशाचे एकेक अक्षर खिळ्यासारखे दिसे म्हणून ते खिळे, ते जुळविणारा जुळारी. खिळे आणि जुळारी हे शब्द कोणत्या समितीने दिले नाहीत. ते कामकऱ्यांनी डोळ्यांस दिसले तसे ठेविले. गेल्या पन्नासएक वर्षांत संगणक आला, खिळे वितळून गेले, आणि त्यांबरोबर जुळारीही गेला. तो शब्द माहीत असलेली पिढी आता माझ्यासारखी पिकली आहे.

ह्यावरून मला माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. मी सातवीच्या वर्गास मराठी शिकवीत असताना उत्तरपत्रिकेत 'खळ' ह्या शब्दाचा अर्थ विचारला होता. पाठ्यपुस्तकातील कवितेत खळ म्हणजे दुष्ट असा अर्थ होता. एका मुलाने लिहिले : 'पिठाची चिकट पेज. ती कागदाला लावतात.' मी तांबड्या शाईने फुली मारली, आणि इतकेच नव्हे, तर ते उत्तर वर्गात वाचून दाखविले. मुले हसली. तो मुलगा काही बोलला नाही. खाली मान घालून बसला. त्याच्या घरी पुस्तके बांधण्याचे काम पिढ्यान् पिढ्या होते, हे मला पुढे समजले. निवृत्त झाल्यावर मोल्सवर्थ साहेबाचा कोश पाहताना तो शब्द समोर आला. १८५७ च्या त्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत, आणि त्यांत त्या मुलाचा अर्थ छापलेला आहे. ह्या गोष्टीस वीसपंचवीस वर्षे झाली होती. कवितेच्या संदर्भात त्याचे उत्तर चूक होते हे खरे. पण शब्दाच्या बाबतीत वर्गात अडाणी कोण होता, तर तो मी. दुष्टाच्या अर्थाचा खळ मला पुस्तकातून ठाऊक होता; कागदाची खळ त्यास आजोबांच्या हाताखाली बसून ठाऊक होती. माझ्या हसण्यानंतर त्याने तो शब्द पुन्हा कोणापुढे उच्चारला असेल की नाही, ह्याचा विचार मनात आला म्हणजे अजूनही चैन पडत नाही.

आपण सुशिक्षित माणसे परक्या शब्दांपासून भाषेस जपण्याची काळजी वाहतो. पण माझ्या अनुभवाने मला असे दिसते की, भाषेचे अधिक नुकसान त्या हसण्याने होते. ग्रीक कातडे आपण दप्तर करून घेतले, त्याने मराठी दुबळी झाली नाही. परंतु कागद्याने, बांधणाऱ्याने, जुळाऱ्याने आपला शब्द लाजून गिळला, तर तो परत आणून देणारा कोणी नाही. शब्द टिकविण्यास काम टिकावे लागते, हे उघड आहे. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली तेव्हा जुन्या कलेबरोबर 'हातकागद' हा एक सरळ, गोड शब्दही मराठीस मिळाला. आणि आमच्या कागजीपुऱ्यातही हातकागदाचा धागा अगदीच तुटलेला नाही. पण प्रत्येक काम टिकविणे आपल्या हाती नसते. काम जाताना त्याचे शब्द लिहून ठेवणे तरी हाती असते.

स्कॉटलंडच्या लोकांनी आपल्या जुन्या भाषेचा कोश विसाव्या शतकात हाती घेतला आणि २००२ मध्ये बारा खंडांत पुरा केला. त्यात राजाच्या कवितेतले शब्द आहेत तसे गावच्या जुन्या नोंदींतले कारागिरांचे शब्दही आहेत. आपल्याकडेही यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे ह्या मंडळींनी १९३२ ते १९३८ ह्या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, आणि ठिकठिकाणचे धंद्यांचे शब्द त्यात गोळा केले. ते काम एकदा होऊन संपणारे नव्हे.

तेव्हा श्रोत्यांस एकच विनंती आहे. आपल्या घरी एखादे जुने बाड, पोथी, व्यापाराची चोपडी असेल तर ती रद्दीत देण्यापूर्वी उजेडाकडे धरून पाहावी; कागद घोटीव आहे काय, कोठे हरताळाचा पिवळा डाग आहे काय, समासात कोणाचे अक्षर आहे काय. आणि घरी किंवा शेजारी पुस्तके बांधणारा, छापखान्यात खिळे जुळविलेला एखादा वृद्ध असेल तर त्याच्याजवळ बसून त्याच्या हत्यारांची नावे विचारावीत व वहीत उतरून घ्यावीत. अर्थ आपल्या पुस्तकातल्या अर्थाशी जुळला नाही तरी त्यावर फुली मारू नये. मी मारलेली एक फुली मला अद्याप पुसता आलेली नाही.